घेवड्याची विरळ उगवण: बुरशीनाशक, ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम एकाच बियाण्यावर कसे बसवावे?

प्रश्न

नमस्कार. दाण्यासाठी घेतलेल्या बुटक्या घेवड्याची उगवण सलग दुसऱ्या हंगामात विरळ झाली आहे आणि कारण लक्षात येत नसल्यामुळे येथे सविस्तर लिहीत आहे. पेरणीपूर्वी ओल्या कागदाच्या गुंडाळीत १०० दाणे ठेवून पाहिले होते. पाचव्या दिवशी त्यांपैकी ९१ दाण्यांना मूळ फुटलेले दिसले, म्हणून बियाण्याविषयी मला शंका वाटली नाही. शेतात मात्र मीटरभर तासात (पेरणीच्या ओळीत) १२ दाणे टाकूनही सरासरी सात रोपेच उभी राहिली, आणि त्यांतलीही काही पुढच्या आठवड्याभरात आडवी झाली. नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा दाणे टाकले, पण मागाहून आलेली रोपे शेजारच्या रोपांच्या सावलीत दबली आणि त्यांचा उपयोग झाला नाही.

बीजप्रक्रिया मी दोन्ही वेळा केली होती. पेरणीच्या आदल्या दिवशी एका घमेल्यात थायरम व कार्बेन्डाझिम ही बुरशीनाशके, ट्रायकोडर्मा या रोगकारक बुरशींना रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची भुकटी आणि मुळांवर गाठी करून पिकाला नत्र पुरवणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचे पाकीट असे सर्व एकत्र करून पाण्याने सैलसर केले, त्यात बियाणे चोळले आणि लवकर सुकावे म्हणून उन्हात पसरले. जमीन मध्यम भारी आहे. पेरणीनंतर चौथ्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि वर पातळ पोपडा धरला.

माझे प्रश्न असे आहेत. रासायनिक आणि जैविक द्रव्ये एकाच बियाण्यावर लावायची असतील तर क्रम कोणता ठेवावा आणि मध्ये किती अंतर असावे? ट्रायकोडर्मा वापरल्यास रासायनिक बुरशीनाशक टाळता येते का? आणि बियाणे रात्रभर ट्रायकोडर्माच्या पाण्यात भिजवून पेरावे, असा सल्ला मला एकाने दिला आहे; तो घेवड्यासाठी योग्य आहे का?

पहिला प्रतिसाद

क्रमाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याआधी रोपे नेमकी कोणी मारली हे ठरवावे लागेल. आपण वर्णनात तीन वेगवेगळ्या गोष्टी एका वाक्यात गुंडाळल्या आहेत: काही दाणे वर आलेच नाहीत, काही रोपे आली पण आडवी झाली, आणि काही कदाचित उभी असूनही वाढली नसतील. या तिन्हींची कारणे वेगळी असू शकतात आणि त्यांना लागणारी औषधेही वेगळी असतात.

जिथे रोप नाही तिथे खुरप्याने तास उकरून पाहा. दाणा मऊ, पाणचट झाला असेल आणि बोटाने दाबताच त्याचा लगदा होत असेल, तर पिथियम या मातीतल्या बुरशीसारख्या रोगकारक जिवाचा संशय घ्यावा. पेरणीनंतर जमीन गार आणि चिंब राहिली की तो दाण्यातच शिरतो. रोप वर येऊन कोलमडले असेल तर जमिनीलगतचा भाग पाहा. तिथे तांबूस तपकिरी, आत दबलेला, स्पष्ट कडांचा चट्टा असेल तर ते बहुधा रायझोक्टोनिया या बुरशीचे काम असते. सोटमुळावर लांबट तांबड्या रेघा असतील आणि मूळ हळूहळू तपकिरी पडून उभे चिरत असेल, तर फ्युझेरियम बुरशीची मूळकूज समजावी. या रोगात रोप लगेच मरत नाही, खुरटते, आणि बुंध्याला मातीची भर दिली तर वरच्या बाजूने नवी मुळे फुटून बऱ्याचदा सावरते. उष्ण आणि कोरड्या जमिनीत खोडावर राखाडी भाग व त्यात काळे बारीक ठिपके दिसले तर मॅक्रोफोमिना ही बुरशी आठवावी. आपल्या पावसाच्या वर्णनावरून मात्र तिची शक्यता कमी वाटते.

हे सर्व विचारण्याचे कारण औषधाच्या निवडीत आहे. कार्बेन्डाझिम पिथियमवर चालत नाही. ज्या प्रथिनाला ते चिकटून इतर बुरशींची पेशीविभागणी थांबवते, त्या प्रथिनाला ते पिथियमच्या गटात परिणामकारकपणे चिकटत नाही. हा गट खऱ्या बुरशींपासून मुळातच वेगळा आहे. पिथियमसाठी मेटॅलॅक्झिल हे औषध उपयोगी पडते, पण तेच मेटॅलॅक्झिल रायझोक्टोनियासमोर निरुपयोगी ठरते. रायझोक्टोनिया व फ्युझेरियमसाठी फ्लुडिऑक्सोनिल आणि खास रायझोक्टोनियासाठी कार्बॉक्सिन वापरतात. थायरम व कॅप्टन ही बियाण्याच्या पृष्ठभागावर राहून अनेक बुरशींना रोखणारी जुनी औषधे आहेत. त्यांचा पल्ला रुंद आहे, पण ती रोपाच्या आत शिरत नाहीत आणि त्यांचे संरक्षण दाण्याभोवतीच्या मातीपुरते आणि थोड्या दिवसांपुरतेच असते. त्यामुळे ‘बुरशीनाशक लावले होते’ या विधानाला, कोणते आणि कोणासाठी हे कळल्याशिवाय, फारसा अर्थ उरत नाही.

आता घमेल्याकडे वळतो, कारण माझ्या मते निम्मे नुकसान तिथेच झाले. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे. ती रायझोक्टोनियाच्या तंतूंभोवती वेटोळे घालते, त्यांच्या भिंती विरघळवणारी विकरे सोडते आणि दाण्याभोवतीची जागा आधी व्यापून टाकते. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्येच ती दुसऱ्या बुरशीवर जगते हे दाखवले होते. मात्र कार्बेन्डाझिमला ती विलक्षण संवेदनशील आहे. म्हणजे आपण एका हाताने जी बुरशी पेरली, ती दुसऱ्या हाताने त्याच पाण्यात मारली. मेटॅलॅक्झिल तिला सहसा बाधत नाही, त्यामुळे एकाच दाण्यावर रासायनिक आणि जैविक अशी जोडी हवीच असेल तर मेटॅलॅक्झिल आणि ट्रायकोडर्मा ही जोडी समजण्यासारखी आहे: एक पिथियम सांभाळते आणि दुसरी रायझोक्टोनिया.

रायझोबियमची अवस्था याहून वाईट झाली असणार. हे जिवाणू बीजाणू (प्रतिकूल काळात तग धरणारे जाड कवचाचे रूप) बनवत नाहीत, त्यामुळे कोरडेपणा, ऊन आणि विषारी द्रव्य या तिन्हींसमोर ते उघडे असतात. थायरम आणि विशेषतः कॅप्टन त्यांना मारक आहेत. तांबेयुक्त औषधांचेही तसेच. त्यावर उन्हात पसरण्याची भर पडली. बॅसिलस गटातील जैविक उत्पादने बीजाणूंच्या रूपात असल्यामुळे असा मारा बऱ्यापैकी सोसतात. स्युडोमोनास हा दुसरा उपयुक्त जिवाणू मात्र सोसत नाही, कारण तोही बीजाणू न बनवणाऱ्यांपैकीच आहे.

दुसरा प्रतिसाद

मी बियाणे तपासणीचे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून फक्त दोन मुद्द्यांवर लिहितो.

पहिला मुद्दा आपल्या ९१ या आकड्याचा. ‘मूळ फुटले’ म्हणजे ‘उगवले’ नव्हे. घेवड्याच्या प्रमाणित चाचणीत पाचव्या दिवशी पहिली आणि नवव्या दिवशी शेवटची मोजणी करतात, आणि त्या वेळी प्रत्येक रोप उघडून त्याला धड मूळ, सरळ खोड, पुरेशी शाबूत बीजदले आणि मधला शेंडा आहे की नाही हे पाहतात. शेंडा नसलेले रोप मूळ कितीही चांगले असले तरी विकृत रोपांत मोजले जाते. घेवड्यात ही गोष्ट इतर अनेक पिकांपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते, कारण त्याची बीजदले जमिनीतून वर येतात: खोडाचा वाकलेला आकडा माती फोडतो आणि मागून दोन जाड दले ओढून आणतो. दाण्यात आधीच चीर असेल तर पोपड्यातून वर येताना दले तुटतात किंवा शेंडाच मातीत राहतो.

अशी चीर मळणीत आणि हाताळणीत पडते. दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या खाली गेला की दाणा ठिसूळ होतो आणि पोते उंचावरून आपटले तरी आतून तडकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. घरी पाहायचे असेल तर १०० कोरडे दाणे साध्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावेत आणि बाहेर काढावेत. ज्यांची साल शाबूत आहे ते जवळजवळ जसेच्या तसे राहतात. ज्यांची साल फाटलेली आहे ते तेवढ्यातच फुगतात आणि सुरकुततात.

दुसरा मुद्दा भिजवण्याचा. घेवडा रात्रभर भिजवू नये. कोरडा दाणा एकदम पाण्यात पडला की पाणी फार वेगाने आत शिरते, पेशींची आवरणे सावरण्यापूर्वीच फाटतात आणि दाण्यातील साखर व इतर द्रव्ये बाहेर झिरपतात. ती द्रव्ये म्हणजे पिथियमला दिलेले आमंत्रणच. जमीन गार असेल तर ही इजा आणखी वाढते, म्हणून १५ अंशांखालच्या जमिनीत पेरणीची घाई करू नये. इतर काही पिकांत भिजवणे फायद्याचे ठरते, आणि बहुधा तिथूनच हा सल्ला इकडे आला असावा. बीजप्रक्रियेचे पाणीसुद्धा बेताचेच असावे: किलोभर बियाण्याला पाच ते दहा मिलिलिटर. त्याहून अधिक झाले की साल सैल होते आणि चोळताना सुटते. आपण ‘सैलसर केले’ असे लिहिले आहे, त्यावरून पाणी बरेच अधिक झाले असावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे आज सकाळी पाच ठिकाणी मीटरभर तास उकरून पाहिले. जिथे रोप नव्हते तिथल्या बहुतेक जागी दाण्याचा लगदाच सापडला. साल तेवढी शाबूत होती. काही जागी रोप होते, पण दोन दलांच्या मध्ये काहीच नव्हते, नुसता ठोंब. अशी रोपे मी आजवर जिवंत म्हणून मोजत आलो होतो. आडवी झालेली रोपे आणखी निराळी निघाली. त्यांचा बुंधा सुजल्यासारखा जाड आणि चिरलेला होता. एका रोपाचा बुंधा ब्लेडने उभा चिरला तर सालीखाली तांदळाच्या कणीपेक्षा लहान, तपकिरी रंगाचे दोन कोष चिकटलेले दिसले. हा रोग आहे की कीड?

पाच मिनिटांच्या पाण्यात उरलेल्या बियाण्यातले १०० पैकी १९ दाणे सुरकुतले.

आणखी एक कबुली द्यायला हवी. रायझोबियमचे पाकीट पुन्हा वाचले. त्यावर सोयाबीनचे नाव आहे. सर्व कडधान्यांना एकच चालते अशी माझी समजूत होती. मुळांवर गाठी जवळजवळ नाहीत.

तिसरा प्रतिसाद

बुंध्यातील कोष खोडमाशीचे आहेत. मादी कोवळ्या पानांत अंडी घालते, अळी पानाच्या देठातून खोडात उतरते आणि जमिनीलगत सालीखाली कोषात जाते. त्यामुळे बुंधा फुगतो आणि चिरतो, आणि वरून पाहणाऱ्याला ती मूळकूजच वाटते. यावर कोणतेही बुरशीनाशक चालणार नाही. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम बियाण्याला लावल्यास पहिल्या काही आठवड्यांत चांगले संरक्षण मिळते, आणि हाच खोडमाशीच्या नुकसानीचा मुख्य काळ असतो. मात्र ही औषधे मधमाश्यांना घातक आहेत. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातील वापर बंद केला आणि थायरमच्या मान्यतेचे नूतनीकरणही त्याच वर्षी नाकारले. म्हणून आपण जिथे शेती करता तिथे घेवड्यासाठी कशाची नोंदणी आहे आणि लेबलावर किती मात्रा दिली आहे हे आधी पाहावे. मी येथे मुद्दाम मात्रा लिहीत नाही. पेरणी आगाप ठेवणे, आधीच्या पिकाचे अवशेष काढून टाकणे आणि बुंध्याला भर देणे यांनीही नुकसान पुष्कळ कमी होते.

शेंडा नसलेल्या रोपांची दले भिंगाखाली पाहावीत. दलांत बोगदे, कुरतडल्याच्या खुणा असतील तर ते दाणे खाणाऱ्या माशीच्या अळीचे काम असू शकते, आणि ती ताजे शेणखत किंवा हिरवा पाला नुकताच गाडलेल्या जमिनीत अधिक येते. तुटलेली कड स्वच्छ असेल तर दुसऱ्या प्रतिसादात सांगितलेली चीरच कारण आहे, आणि १९ सुरकुतलेले दाणे पाहता मला तेच वाटते. तडकलेल्या दाण्याला कोणतीही बीजप्रक्रिया जोडू शकत नाही. बियाणे बदलावे, किंवा तेच वापरायचे असेल तर त्या प्रमाणात अधिक टाकावे. बियाण्यातून येणारा विषाणूजन्य केवडा आणि जिवाणूजन्य करपा यांवरही बुरशीनाशकाचा उपाय नाही. त्यासाठी निरोगी पिकातलेच बियाणे हवे.

पाकिटाबद्दल. सोयाबीनच्या गाठी ब्रॅडीरायझोबियम या निराळ्याच वंशातील जिवाणू करतात. घेवड्याशी जमते ते रायझोबियम एटली, रायझोबियम ट्रॉपिसी आणि लेग्युमिनोसारम जातीचा घेवड्यावरचा प्रकार यांचे. चवळी आणि मूग नावाने घेवड्याच्या जवळचे वाटले तरी गाठींच्या बाबतीत ते ब्रॅडीरायझोबियमकडेच अधिक झुकतात. पाकिटावर घेवड्याचे किंवा राजम्याचे नाव स्पष्ट असले पाहिजे, मुदत संपलेली नसावी आणि पाकीट थंड, सावलीच्या जागी ठेवलेले असावे.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे सावलीचे महत्त्व पटेल. चांगल्या पाकिटात ग्रॅमला १० कोटी जिवाणू धरले आणि किलोला २५ ग्रॅम लावले, तर ते २५० कोटी झाले. मध्यम आकाराचे किलोभर बियाणे म्हणजे सुमारे ३,००० दाणे, म्हणजे कागदावर प्रत्येक दाण्याला आठ लाख जिवाणू मिळतात. मोठ्या दाण्याच्या पिकाला पेरतेवेळी दाण्यावर किमान एक लाख जिवंत जिवाणू असावेत असे मानतात. यावरून आपल्या हाती गमावण्यासारखे फार नाही हे दिसते: काही चोळताना सांडतात, काही सुकताना मरतात, आणि थायरमचा थर व दुपारचे ऊन मिळून उरलेले संपवतात.

क्रम असा ठेवावा. रासायनिक बुरशीनाशक पेरणीच्या किमान एक दिवस आधी लावून बियाणे सावलीत पूर्ण कोरडे होऊ द्यावे. कीटकनाशक लागणार असेल तर तेही याच टप्प्यात, बुरशीनाशकानंतर. ट्रायकोडर्मा पेरणीच्या दिवशी. रायझोबियम सर्वांत शेवटी, डिंकाच्या पातळ द्रावणात कालवून, हलक्या हाताने, आणि काही तासांच्या आत बियाणे ओल्या मातीत गेले पाहिजे. थायरम किंवा कॅप्टन टाळणे शक्य नसेल तर मी रायझोबियम बियाण्यावर लावतच नाही. कुजलेल्या, चाळलेल्या खतात मिसळून ते तासात बियाण्याखाली सोडतो. त्यासाठी पाकिटे अधिक लागतात, पण औषध आणि जिवाणू यांची गाठ पडत नाही. हंगाम उभा राहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन-चार रोपे मातीसकट काढून गाठी नखाने फोडून पाहा: आतून गुलाबी असतील तर काम सुरू आहे, पांढऱ्या किंवा हिरवट असतील तर नाही. तसेही नत्र स्थिर करण्यात घेवडा सोयाबीनच्या मागेच असतो, त्यामुळे पेरतेवेळी थोडे नत्र द्यावे लागते. ते मात्र भरमसाट दिले की गाठीच धरत नाहीत.

चौथा प्रतिसाद

वरील मांडणी मला मान्य आहे. फक्त ट्रायकोडर्माविषयी थोडे सावध राहावे असे वाटते. रासायनिक औषध टाळता येते का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या तापमानावर अवलंबून आहे. ट्रायकोडर्माची वाढ २५ ते ३० अंशांना जोमाने होते. गार, चिंब मातीत ती सुस्त असते आणि पिथियम मात्र त्याच स्थितीत वेगाने फोफावते. दाणा कुजण्याचे काम पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकते, तेवढ्यात ट्रायकोडर्माला पाय रोवायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे लगदा झालेले दाणे इतके सापडले आहेत की, पेरणी गार व ओल्या दिवसांत होणार असेल तर मी तरी मेटॅलॅक्झिल सोडणार नाही. जमीन उबदार, निचऱ्याची आणि वाफशावर असेल तर नुसत्या ट्रायकोडर्मावर भागू शकते. एकच रसायन दर हंगामी वापरल्याने पिथियममध्ये मेटॅलॅक्झिलला दाद न देणारे प्रकार निर्माण होतात, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

नवे बियाणे घेऊन पाण्याची चाचणी केल्यावरच पुढे जाईन. पिथियमसाठी मेटॅलॅक्झिल, त्यावर ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम तासात, असा विचार आहे. खोडमाशीसाठी या वेळी औषध न लावता आगाप पेरणी आणि मातीची भर एवढेच करून पाहतो. याचा उपयोग झाला की केवळ पाऊस उशिरा आला, हे मला कसे कळेल?

चौथ्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

प्रत्येक वाफ्यात दोन ओळी बिनप्रक्रियेच्या ठेवा आणि त्या कडेला न घेता मध्ये घ्या, कारण कडेची जमीन लवकर वाळते. एकाच ठिकाणी ठेवू नका. चार वाफ्यांत विखरून ठेवा. आधी बिनप्रक्रियेचे बियाणे पेरावे आणि मग प्रक्रियेचे, नाहीतर पाभरीच्या नळीतली औषधाची भुकटी त्या ओळींतही जाते आणि तुलना बिघडते. मोजणी दोनदा करा: उगवण पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी, आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात. पहिल्या मोजणीत फरक दिसला तर तो बहुधा दाणा कुजण्यातला असतो, दुसऱ्या मोजणीत दिसला तर बुंध्यावरचा रोग किंवा खोडमाशी. शेंडा नसलेली रोपे वेगळ्या रकान्यात लिहा. आणि प्रक्रिया केलेले बियाणे उरले तर त्यावर खूण करून कुलपात ठेवा. ते खाण्यात किंवा जनावरांच्या दाण्यात मिसळू देऊ नका.